विजेची मोटार चार्ज होत नाही तेव्हा

विजेच्या मोटारीला चार्जिंगची गन लावली आणि पडद्यावरचे आकडे हललेच नाहीत, तर अडथळा पाच जागांपैकी एका ठिकाणी असतो: घराची वीज, भिंतीवरचा पॉवर पॉइंट, चार्जर आणि त्याची केबल, गाडीतली चार्जिंगची यंत्रणा, किंवा खुद्द बॅटरी आणि तिच्यावर देखरेख करणारा संगणक. वीज याच क्रमाने प्रवास करते, म्हणून शोधही याच क्रमाने घ्यावा. घरच्या चार्जिंगच्या तक्रारीचा माग पुष्कळदा गाडीपर्यंत पोहोचतच नाही. तो बोर्डातल्या ढिल्या स्क्रूपाशी किंवा उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी थांबतो.

बॅटरीत फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज साठते. घरात येते ती एसी. तिचे डीसीत रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीच्या आतच बसवलेला असतो आणि त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा किंवा प्लगसोबत येणारी विटेएवढी पेटी हिला लोक चार्जर म्हणत असले, तरी ती फक्त वीज सुरक्षितपणे सोडण्या-थांबवण्याचे काम करते. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॉटचा होता. म्हणजे रिकामी बॅटरी घरच्या प्लगवर भरायला नऊ तासांहून जास्त वेळ. पुढे ७.२ किलोवॉटचे चार्जर आले आणि हा वेळ बराच कमी झाला. हमरस्त्यावरच्या फास्ट चार्जिंग स्टेशनची गोष्ट निराळी आहे. तिथे एसीचे डीसी बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होते आणि ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून वीज थेट बॅटरीकडे जाते.

या फरकातच निदानाची सर्वांत मोठी खूण आहे. घरी चार्ज न होणारी गाडी फास्ट चार्जरवर व्यवस्थित भरत असेल, तर बॅटरी आणि तिचे नियंत्रण ठीक आहे. दोष घराच्या विजेत, केबलमध्ये किंवा ऑनबोर्ड चार्जरमध्ये आहे. घरी भरते पण फास्ट चार्जर नाकारतो, तर संशय त्या स्टेशनवर किंवा गाडीच्या डीसी पिनांवर. दोन्हीकडे नकार मिळाला तर गाडीकडे वळावे. याला अदलाबदलीची जोड द्यावी. तीच गाडी शेजारच्या किंवा नातेवाइकांच्या खात्रीच्या पॉइंटवर लावून पाहावी, आणि जमल्यास दुसरी गाडी आपल्या पॉइंटवर. एका संध्याकाळच्या या खटपटीने तर्कांची अर्धी यादी गळून पडते आणि त्यासाठी एकही उपकरण लागत नाही.

पुढे जाण्याआधी गन आणि गाडी यांच्यात काय घडते हे समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक नकार त्या पहिल्या काही सेकंदांतच मिळतात. भारतातल्या बहुतेक मोटारींना एसीसाठी टाइप २ गन लागते. तिच्या तोंडाला सात पिना असतात: तीन फेजच्या, एक न्यूट्रलची, एक अर्थची आणि वरच्या बाजूला दोन बारीक. या बारीक पिनांतून बॅटरी भरणारी वीज जात नाही, संकेत जातात. एकीने केबल किती अँपियर पेलू शकते हे कळते. केबलच्या टोकाशी बसवलेल्या रोधाचे मूल्य गाडी मोजते. २२० ओहम म्हणजे ३२ अँपियरची केबल, ६८० ओहम म्हणजे २० अँपियरची. दुसरीला कंट्रोल पायलट म्हणतात. चार्जर तिच्यावर १२ व्होल्टांचा दाब ठेवतो. गन गाडीत बसली की गाडी तो ९ व्होल्टांवर आणते आणि ‘मी जोडले गेले’ हे कळवते. मग चार्जर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत सुरू करतो. त्या संकेताचा चालू भाग किती रुंद आहे यावरून गाडीला किती अँपियर ओढायची परवानगी आहे ते समजते. गाडी आतली तयारी पूर्ण करून दाब ६ व्होल्टांवर आणते, आणि त्यानंतरच पेटीतला रिले ‘टक्’ करून जोडला जातो व वीज वाहू लागते.

म्हणजे गाडीला न जोडलेल्या गनच्या पिनांत वीज नसते आणि नसायलाच हवी. गनमध्ये टेस्टर घालून, दिवा लागला नाही म्हणून चार्जर जळाल्याचा निष्कर्ष काढणारे वायरमन आजही भेटतात. त्या चाचणीने काहीही सिद्ध होत नाही, आणि टेस्टरच्या टोकाने पिनांवर ओरखडे मात्र पडतात.

‘टक्’ हा आवाज लक्षात ठेवण्याजोगा आहे. गन लावल्यावर तो आलाच नाही, तर संकेतांची देवाणघेवाण पूर्ण झालेली नाही: गन पुरती आत गेलेली नाही, बारीक पिनांत घाण आहे, किंवा गाडी तयार नाही. आवाज आला, चार्जिंग सुरू झाले आणि काही सेकंदांत पुन्हा ‘टक्’ होऊन थांबले, तर वीज वाहू लागल्यावर कुणाला तरी काही खटकले. अर्ध्या-पाऊण तासाने थांबले, तर बहुधा उष्णता. शोधाची दिशा या तीन वेळांवरून ठरते.

काही वेळा बिघाड नसतोच. गाडीच्या पडद्यावर किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ लावून ठेवलेली असते आणि गाडी रात्री अकराची वाट पाहत असते. कुणी तरी भरण्याची मर्यादा ८० टक्के केलेली असते आणि बॅटरी ८१ वर असते. काही गाड्या गिअर पार्किंगमध्ये नसेल किंवा गाडी चालू ठेवली असेल तर चार्जिंग घेत नाहीत. गन सरळ रेषेत, खट्कन बसेपर्यंत दाबावी. एवढे पाहून झाले की गाडी लॉक करून दहा-पंधरा मिनिटे तशीच सोडावी. तिचे संगणक झोपी जातात आणि नव्याने जागे होतात. सॉफ्टवेअरमधला तात्पुरता गुंता यानेच सुटतो.

आता घराची वीज. गाडीचा प्लग जाड पिनांचा, १६ अँपियरचा असतो. जुन्या घरांत त्यालाच पंधरा अँपियरचा पॉइंट म्हणतात. ३.३ किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टांवर सुमारे १४ अँपियर ओढतो. गिझरही जवळपास तेवढीच वीज घेतो, पण तो वीस मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर, आठ-नऊ तास, तोच भार सलग ओढत राहते. घरातले दुसरे कोणतेही उपकरण वायरिंगची एवढी कठोर परीक्षा घेत नाही. सॉकेटमधली पितळी पात सैल असेल किंवा मागच्या स्क्रूखाली तार नीट दाबलेली नसेल, तर तिथे रोध वाढतो, जागा तापते, तापल्याने पकड आणखी ढिली होते आणि रोध आणखी वाढतो. प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी पडणे, जळका वास, प्लगच्या पिना काळ्या होणे ही त्याची लक्षणे. पुष्कळ चार्जरांच्या प्लगमध्येच तापमान मोजणारा संवेदक असतो. तो वीज कमी करतो किंवा तोडतो. अशा वेळी गाडी ‘मध्येच बंद पडते’ असे वाटते. तासभर चार्जिंग झाल्यावर वीज बंद करून प्लग काढावा आणि पिनांजवळ हात न्यावा. कोमट असतील तर चालेल, चटका बसत असेल तर तो पॉइंट वापरणे त्याच क्षणी थांबवावे. एक्स्टेंशन बोर्ड आणि तीन उपकरणांचे मल्टिप्लग यांना तर गाडीजवळ थाराच नको.

वायरची जाडीही पाहावी. घरांत पॉवर पॉइंटला बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढलेली असते. कमी अंतरासाठी ती निभावते. पण सोसायटीच्या मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत ५० मीटर तार न्यायची असेल, तर जाऊन-येऊन शंभर मीटर तांब्याचा रोध पाऊण ओहमच्या आसपास होतो आणि १५ अँपियरला ११ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मुळात २१० व्होल्ट येत असतील, तर गाडीपाशी १९९ उरतात. अशा ठिकाणी ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची, पॉइंटसाठी स्वतंत्र ओढलेली तार हाच उपाय. ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरला ३२ अँपियर लागतात आणि त्याचा भार घराच्या इतर भाराइतका, कित्येकदा त्याहून जास्त असतो. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो ३ किलोवॉट असताना असा चार्जर बसवला, तर गिझर किंवा एअर कंडिशनर लागताच मुख्य स्विच पडतो. मंजूर भार वाढवून घ्यायला हवा.

एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, पडत असेल तर तो कधी पडतो हे पाहावे. गन लावताच पडला तर शॉर्ट सर्किट. तासा-दोन तासांनी पडला तर उष्णता. एमसीबीचा अँपियरचा आकडा ३० अंश तापमान धरून ठरवलेला असतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या मीटर बॉक्समध्ये ५० अंशांच्या वर तापमान जाते, आणि १६ अँपियरचा एमसीबी तिथे १४ अँपियरलाही दम टाकू शकतो. त्याच्या जागी मोठा एमसीबी बसवून मोकळे होणे ही घातक चूक आहे. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो; तार तीच ठेवून तो मोठा केला, की पडायचे काम एमसीबीऐवजी तारेच्या आवरणाला करावे लागते. त्याऐवजी गाडीच्या मेनूतून किंवा चार्जरवरच्या बटणाने प्रवाह १० अँपियरवर आणावा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १५ ऐवजी १० अँपियर घेतले की सांध्यांत निर्माण होणारी उष्णता निम्म्याहूनही कमी होते. गाडी सकाळपर्यंत थोडी कमी भरेल, एवढेच.

व्होल्टेज कमी असणे ही ग्रामीण भागातली रोजची अडचण. एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, घरे आणि शेतीचे पंप असले की पंप सुरू होताच दाब १८०-१९० व्होल्टांवर येतो. ठरावीक मर्यादेखाली चार्जर वीज घेणे थांबवतो आणि दाब सुधारला की बहुधा आपणहून पुन्हा सुरू होतो. मध्यरात्रीनंतर चार्जिंगची वेळ लावणे हा यावरचा बिनखर्चाचा तोडगा. दाब कायमच कमी असेल तर तक्रार वीज कंपनीकडे करायची. त्यासाठीचा १९१२ हा क्रमांक देशभर चालतो.

सगळ्यांत जास्त गोंधळ आणि सगळ्यांत मोठा धोका अर्थिंगपाशी आहे. प्लग लावताच पेटीवर लाल दिवा लागतो, किंवा गाडी ‘अर्थ फॉल्ट’ दाखवते, आणि घरात तर फ्रिज, गिझर, धुलाई यंत्र सगळे चालू असते. मग दोष चार्जरला दिला जातो. फ्रिजला चालण्यासाठी फेज आणि न्यूट्रल पुरतात. अर्थची तार तुटली तरी तो तक्रार करत नाही. गाडीचा चार्जर मात्र दर वेळी सुरू होण्याआधी अर्थ तपासतो आणि ती सापडली नाही तर वीज सोडत नाही. घराच्या वायरिंगमधला कित्येक वर्षांचा दोष त्या घरात पहिल्यांदाच कुणी तरी दाखवून दिलेला असतो.

ही अट गाडीलाच इतकी कडक का, याला कारण आहे. मोटार रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. आत कुठे गळती होऊन पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायची वाट फक्त अर्थच्या तारेतून. ती तार नसेल, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दाराला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीजवळ खेळणारी मुले डोळ्यांसमोर आणली, की त्या लाल दिव्याचे मोल कळते.

तपासणी मल्टिमीटरने होते आणि ती जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांपर्यंत, हे निरोगी पॉइंटचे आकडे. फेज-अर्थमध्ये ८०-९० असा अधांतरी आकडा दिसला, तर अर्थची तार कुठे तरी तुटली आहे किंवा मुळात जोडलेलीच नाही. न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट भार टाकल्यावर वाढत गेले, तर न्यूट्रलचा सांधा कमकुवत आहे. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले तरी काही चार्जर लाल दिवा दाखवतात. तिथे दोन तारांची अदलाबदल पुरते.

तार ठीक असूनही अर्थ मिळत नसेल तर खड्ड्याकडे जावे. अर्थिंगचे भारतीय मानक आयएस ३०४३ हे आहे. मीठ आणि कोळसा घातलेला जुन्या पद्धतीचा खड्डा असो की आजची रसायन भरलेली नळी, काम ओलाव्यावरच चालते. काळ्या मातीत ओल टिकते. मुरमाड जमिनीत आणि कोकणातल्या जांभ्याच्या कातळात ती टिकत नाही, आणि पुण्या-नाशिककडचा बेसॉल्ट खडक तर वीज सहजी वाहूच देत नाही. म्हणून पावसाळ्यात सुरळीत चार्ज होणारी गाडी एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवू लागते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतल्यावर चार्जिंग सुरू झाले, तर निदान पक्के झाले. मात्र उपचार पाणी नव्हे, नवा किंवा खोल खड्डा आहे. जुन्या इमारतींत सगळ्या मजल्यांना मिळून एकच अर्थ असते आणि तिचा सांधा गंजून सुटलेला असतो. तिथे एकट्या गाडीमालकाने धडपडण्यापेक्षा सोसायटीने काम हाती घ्यावे. फायदा प्रत्येक घराच्या गिझरला आणि धुलाई यंत्रालाही आहे.

याच ठिकाणी एक जुगाड सर्रास केला जातो. प्लगमध्ये किंवा सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकतात. चार्जरला न्यूट्रलच्या रूपाने अर्थ दिसते, हिरवा दिवा लागतो आणि गाडी भरू लागते. असे तयार प्लगही विकले जातात. यात घडते ते असे: गाडीचा संपूर्ण पत्रा न्यूट्रलला जोडला जातो. खांबावर, मीटरपाशी किंवा बोर्डात कुठेही न्यूट्रलची तार सुटली, की घरातल्या चालू उपकरणांतून आलेली फेजची वीज त्याच तुकड्यावाटे गाडीच्या अंगावर चढते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर त्यासाठी काही सुटायचीही गरज नाही. प्लग लावताच पत्रा २३० व्होल्टांवर जातो. ज्या तपासणीने माणसाचा जीव वाचायचा तिलाच फसवलेले असल्याने कोणताही दिवा लागत नाही. चार्जिंगच्या कुठल्याही अडचणीवर हा उपाय नाही, आणि सुचवणाऱ्या वायरमनला दुसऱ्यांदा बोलावू नये.

इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर गाडी भरत नाही, याचेही मूळ इथेच असते. घरगुती इन्व्हर्टरची ताकद मुळात तीन किलोवॉटच्या भाराला पुरत नाही. त्यातून त्याच्या किंवा लहान जनरेटरच्या विजेचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, त्यामुळे चार्जरला अर्थचा संदर्भ सापडत नाही. वीज गेल्यावर पार्किंगचा पॉइंट जनरेटरवर जाणाऱ्या इमारतींत रात्री चार्जिंग मध्येच तुटण्याचे हे एक कारण.

आरसीसीबी, ज्याला घरोघरी ईएलसीबी म्हणतात, ती पडत असेल तर गळती आहे. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज ती सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपियरचा फरक पडला की पुरवठा तोडते. गन गाडीत न लावता नुसता प्लग जोडला तरी ती पडली, तर दोष पेटीत किंवा केबलमध्ये. गन लावल्यावरच पडली तर गनमध्ये किंवा गाडीत. फक्त पावसात पडत असेल तर सॉकेटमध्ये पाणी झिरपते आहे.

पेटी आणि केबल यांची तपासणी थोडक्यात उरकते. केबल गाडीच्या चाकाखाली चिरडली गेली आहे का, गनच्या मानेपाशी वाकून तुटली आहे का, पेटी भिंतीला न टांगता केबलवरच लोंबकळत आहे का हे पाहावे. पेटी प्लगला लटकत राहिली तर तिच्या वजनाने सॉकेट सैल होते. दिव्यांच्या उघडझापीचे अर्थ पेटीच्या मागे किंवा पुस्तिकेत छापलेले असतात. प्रत्येक कंपनीचे वेगळे. पेटी उघडून दुरुस्त करू नये, बदलून पाहावी.

गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाकडे मात्र नीट पाहावे. टॉर्चच्या उजेडात पिना चकचकीत दिसायला हव्यात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो. धुळीच्या रस्त्यांवर बारीक पिनांच्या भोवती माती बसते. कोरड्या मऊ ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने, गन काढलेली असताना आणि गाडी बंद असताना, ती झाडावी. पाणी, तेल, सँडपेपर यांपैकी काहीही वापरू नये. तोंडात एक छोटी मोटर गनला कुलूप लावणारी खिट्टी सरकवते. ही खिट्टी पुरती सरकली नाही तर गाडी वीज मागतच नाही. उलट, चार्जिंग झाल्यावर ती अडकली तर गन निघत नाही. तेव्हा जोर न लावता गाडी किल्लीने लॉक करून पुन्हा उघडावी. बहुतेक गाड्यांत ही खिट्टी हाताने सोडवण्याची दोरी दिलेली असते आणि तिची जागा पुस्तिकेत असते.

पुष्कळ मालकांना माहीत नसलेला एक घटक म्हणजे १२ व्होल्टांची छोटी बॅटरी. विजेच्या मोटारीतही ती असते, पेट्रोलच्या गाडीसारखीच. चाके फिरवणाऱ्या मोठ्या बॅटरीचा दाब तीनशे-चारशे व्होल्टांचा, काही गाड्यांत आठशेच्या घरातला. सुरक्षेसाठी ती एरवी कॉन्टॅक्टर नावाच्या भक्कम स्विचांनी बाकी गाडीपासून तोडलेली असते. हे स्विच ओढून घ्यायला, संगणक जागे करायला आणि गनचे कुलूप सरकवायला १२ व्होल्टच लागतात. छोटी बॅटरी मेली की मोठीत ऐंशी टक्के वीज असूनही गाडी हलत नाही आणि चार्जही होत नाही. पडदा काळा, दारे रिमोटला दाद देत नाहीत, किंवा एकाच वेळी दहा-बारा इशारे चमकतात, ही तिची लक्षणे. महिना-दीड महिना न हललेल्या, डॅशकॅम सतत चालू असलेल्या गाडीत हे हमखास होते. उभ्या गाडीत या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास असावा. १२च्या खाली उतरला तर ती जवळपास रिकामी आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या जागी दुसरी १२ व्होल्टांची बॅटरी जोडून गाडी जागी केली, की मोठी बॅटरी एका रूपांतरकामार्फत छोटीला भरू लागते. तो रूपांतरकच बिघडला तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या त्या अशाच कारणाने: चार्जिंग नियंत्रित करणारा त्यांतला भाग बिघडून १२ व्होल्टांची बॅटरी उतरण्याची शक्यता होती. त्यामुळे ही बॅटरी दोनदा उतरली तर ती बदलून थांबू नये, रूपांतरक तपासून घ्यावा.

छोट्या बॅटरीपलीकडे, नारिंगी आवरणाच्या तारांपाशी, मालकाचे आणि गल्लीतल्या मेकॅनिकचे काम संपते. या तारांतला डीसी दाब जीवघेणा असतो. गाडी चार्जिंगआधी या सगळ्या जाळ्याचे पत्र्यापासूनचे विलगीकरण मोजते आणि ते कमी भरले तर नकार देते. पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी नेल्यानंतर किंवा उंदरांनी तार कुरतडल्यानंतर असा नकार येतो. उंदरांचा उपद्रव असलेल्या पार्किंगमध्ये बॉनेटखाली लेंड्या, कागदाचे कपटे दिसले तर ते वर्कशॉपला आवर्जून सांगावे. शोधाचे तास वाचतात.

चार्जिंग होते पण फारच हळू, ही तक्रार बहुधा तापमानाची असते. दुपारच्या उन्हात महामार्गावर वेगाने आलेल्या गाडीच्या बॅटरीतल्या पेशी ४५ अंशांच्या पुढे गेल्या, की नियंत्रक प्रवाह कमी करून आधी पंखे आणि शीतक चालवतो. अर्धा तास सावलीत थांबल्यावर वेग परत येतो. लडाख-स्पितीच्या हिवाळी प्रवासात उलटे घडते: शून्याखाली थंड झालेल्या पेशीत जोराने वीज भरली तर लिथियम धातूचा थर साचून पेशी कायमची खराब होते, म्हणून नियंत्रक वीज जवळजवळ रोखून धरतो. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावणे हा तर दोषच नाही. भारतात पुष्कळ गाड्यांत असलेल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा दाब भरतीच्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकू लागतो आणि ९० वरून एकदम १०० वर उडी दिसते. अशा बॅटरीला कंपनीने सांगितलेल्या अंतराने पूर्ण भरू द्यावे म्हणजे अंदाज जाग्यावर येतो.

सार्वजनिक फास्ट चार्जरवर आणखी एक पक्ष येतो: कंपनीचा दूरवरचा सर्व्हर. ॲपमधून पैसे कापले गेले तरी मोबाइलचे जाळे कमकुवत असलेल्या घाटात तो निरोप यंत्रापर्यंत पोहोचत नाही. आधी यंत्रावरचे लाल आपत्कालीन बटण दाबलेले राहिले नाही ना हे पाहावे. गन काढून, गाडी लॉक करून, मिनिटभर थांबून पुन्हा लावावी. नाही जमले तर त्याच यंत्राची दुसरी गन. फास्ट चार्जिंगच्या सीसीएस २ गनला खाली दोन जाड डीसी पिना असतात आणि तिची केबल जड असते. केबलच्या ओढीने गन खाली झुकते आणि वरच्या बारीक पिना नीट टेकत नाहीत. संकेतांची देवाणघेवाण होईपर्यंत गन हाताने किंचित उचलून धरली की पुष्कळदा काम होते. यंत्र वीज सोडण्याआधी विलगीकरणाची चाचणी घेते, म्हणून पावसात ओली झालेली गन झटकून, कोरड्या फडक्याने पुसूनच लावावी. काही जुन्या ठिकाणी भारत डीसी-००१ प्रकारची १५ किलोवॉटची यंत्रे अजून दिसतात. त्यांची गन आजच्या मोटारींना बसतच नाही, तेव्हा तिथे प्रयत्न करण्यात अर्थ नाही. ॲपवर स्टेशन शोधताना सीसीएस २ हीच खूण निवडावी.

यातून काहीच लागू पडले नाही, तर ऑनबोर्ड चार्जर, कॉन्टॅक्टर किंवा बॅटरीचा नियंत्रक यांपैकी काही तरी बिघडलेले आहे आणि निदान कंपनीच्या उपकरणानेच होईल. वर्कशॉपला जाताना पडद्यावरच्या संदेशाचा आणि पेटीवरच्या दिव्यांचा व्हिडिओ न्यावा. चार्जिंग किती मिनिटांनी थांबले, तेव्हा बॅटरी किती टक्के होती, एसी की डीसी, कोणकोणत्या ठिकाणी प्रयत्न केला आणि वायरमनने मोजलेले पॉइंटचे व्होल्ट किती, हे एका कागदावर लिहून द्यावे. घरची पेटीही सोबत न्यावी; वर्कशॉपमध्ये गाडी त्यांच्या यंत्रावर भरली आणि घरच्या पेटीवर भरली नाही, तर तपासणी तिथेच संपते. बॅटरी आणि ऑनबोर्ड चार्जर यांची वॉरंटी पुष्कळदा वेगवेगळ्या मुदतीची असते, म्हणून कुठला भाग बदलणार हे कामाच्या कागदावर लेखी घ्यावे, आणि दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेण्याआधी ती एसी आणि डीसी दोन्हींवर चार्ज करून दाखवायला सांगावे.